नळीतला बोळा

६ जानेवारी १९७५, सोमवार

आज कोन गावाहून भिवंडीला आलो, मी आणि माझी लेक कमळा. शाळेच्या प्रयोगशाळेत काम लागलं. काम काय, तर काचा धुवायच्या, टेबलं पुसायची, कुलूप लावायचं. राहायला लागूनच खोली, मोरी आतच. मी खूश. चारी बाजूंनी कापडाच्या मागांचा खडखडाट, पण मला गोंगाट चालतो, घरात बोलणारं कुणी नाही ना. कमळा वीस वर्षांची. पाच वर्षांची असताना ताप आला, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणतो गळा चांगला आहे. चांगला आहे तर बोलत का नाही, ते मात्र त्याला सांगता येत नाही. चौथीपर्यंत शिकले ते असं कामी येतं. वहीशी बोलते.

८ जानेवारी

विज्ञानाचे केसरीनाथ मास्तर भला माणूस, पण दिवसभर नळ्यांशी खेळतात. काचेची नळी पाण्यात उभी धरायची, वर चिमट्यासारखा नादकाटा वाजवून धरायचा, आणि नळी हळूहळू वर घ्यायची. एका जागी ती एकदम घुमते. मास्तर म्हणाले, हौसाबाई, नळी आपला सूर ओळखते. मग एका मापाचे दोन नादकाटे ठेवून एक वाजवला, तर दुसराही न शिवता बोलायला लागला. माप एक तर सूर एक, म्हणाले. आणि उघड्या नळीचं एक तोंड बंद केलं की तीच नळी जाड आवाजात बोलते.

खिडकीपाशी लाकडी घोड्यावर एक लोखंडी पाइप आहे, दोन्ही तोंडं उघडी. लांबीला बरोबर कमळाएवढा.

शेजारची गुणाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता म्हणाली, येडा हाय तुझा मास्तर, लगीन न्हाय झालं म्हणून पायपात फुंकतो. पोट धरून हसलो. कमळाही हसली, बिनआवाजाची.

१० जानेवारी, शुक्रवार

इथे दर शुक्रवारी वीज बंद, माग बंद. एवढी शांतता की कान दुखले. त्यात भर दुपारी पाइप वाजत होता. बारीक, शिट्टीसारखा. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. मास्तर ठाण्याला गेलेले. आमच्यात रिकाम्या भांड्याचं तोंड उघडं ठेवत नाहीत, काहीबाही येऊन बसतं. मी जुन्या लुगड्याचा बोळा केला आणि एका तोंडात ठासला. आवाज थांबला नाही. जाड झाला. पुरुषाने घशातून हुंकार द्यावा तसा. बघते तर दुसऱ्या तोंडाशी कमळा, आ वासून बसलेली. ओढून घरात आणली.

११ जानेवारी

मास्तरांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, येणारा एका बाजूने यायचा, दुसरीने जायचा, तुम्ही त्याची वाट अडवलीत. थट्टाच केली. पण बोळा काढला तर ओला निघाला, आणि गरम, कुणी आतून श्वास सोडल्यासारखा. मग मास्तरांनी पाइपापाशी नादकाटा धरला. काचेच्या नळ्या बोलल्या, पाइप बोलेना. मेल्यासारखा पडून. मास्तरांचं हसू गेलं.

१४ जानेवारी, संक्रांत

कमळाला आवाज फुटला! तीळ भाजत होते, मागून ऐकलं — हूं. पंधरा वर्षांनी! हात भाजला तरी कळलं नाही. आळीभर तिळगूळ वाटला. गुणाबाई म्हणाली, देवानं गळा खोलला गो, आता नवरा बघ तिला. आवाज जाड आहे. असू दे. जाड तर जाड.

१५ जानेवारी

पाणी पिताना हूं चालूच. जेवताना चालूच. ओठ मिटलेले तरी. वैतागून हात उगारला, पण तिचे डोळे बघितले. मान हलवून सांगत होती — ती करत नाही. ती नाही करत.

१७ जानेवारी, शुक्रवार

माग बंद. तिच्या हुंकाराने भिंती घुमतात. मास्तरांनी तिच्या तोंडासमोर नादकाटा धरला. वाजवलाही नव्हता. आपोआप बोलला. कपाटातल्या सगळ्या नळ्या बोलल्या. मास्तर दोन पावलं मागे सरले. म्हणाले, माणसाचा गळाही नळीच, हौसाबाई, खालून बंद, वरून उघडी. मी विचारलं, मग खालून वाट कशी करायची? ते म्हणाले, असलं बोलू नका.

२१ जानेवारी

श्वास आत जातो, बाहेर येत नाही. छाती फुगलेलीच. डॉक्टर म्हणतो दमा. दमा असा गातो?

मास्तर रजेवर गेले. पळाले, दुसरं काय.

तिला पाइपाशी नेलं. पाइपाच्या मागच्या तोंडात बोळा घातला, पुढच्याला तिचं तोंड लावलं. तिच्यातला तो परत पाइपात जात नाही. ऊब सोडून लोखंडात कशाला जाईल —

पण माप एक तर सूर एक. मी आणि कमळा एकाच उंचीच्या. तिची पोलकी मला होतात.

२४ जानेवारी, शुक्रवार

माग बंद. कमळाचे ओठ निळे —

तोंडाला तोंड लावलं. तोच सूर धरला. आधी जमेना. मग जुळला. जुळताच काहीतरी गरम आत —

तिची छाती खाली बसली. श्वास सोडला. झोपली.

माझी छाती बसत नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबलाय. उघडलं तर परत तिच्यात जाईल. माप एकच —

उठली. म्हणाली, आई.

बारीक आवाज. तिचाच. तिचाच आहे.

ओ द्यायची नाही. हौसा, ओ द्यायची नाही.

परत म्हणाली. जवळ आली. रडते. आई, ओ दे ना म्हणते. पंधरा वर्षं मी हेच ऐकायला —

तोंडातला बोळा माझ्या हातात आहे. कधी काढला मी, कळ