नाण्यावरची बाई

५ सप्टेंबर १९५८, महाड
नानांचा नाण्यांचा डबा आज उघडला. ते गेल्यापासून हात लागत नव्हता. शिवराया, लाऱ्या, कंपनीचे झिजलेले पैसे. रविवारी दवाखाना बंद, की नाना पडवीत वर्तमानपत्र पसरून चिंचेनं नाणी घासायचे. दादा आणि मी नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवायचो. हळूहळू राजा उमटायचा...

एक मात्र डब्यात नाही. त्यांच्या औषधांच्या बॅगेत सापडलं, आतल्या कप्प्यात. चांदीचं, लहान, जाडसर. एकीकडे पुरुषाचं तोंड, दुसरीकडे खुर्चीवर बसलेली बाई. याला चिंच कधी लावू दिली नाही. "ते राहू दे गं," एवढंच.

२१ सप्टें.
दादा मुंबईहून आला. बरोबर ओळखीचे एक प्राध्यापक, लेणी बघायला आलेले. जेवण झाल्यावर नाणं दाखवलं. प्रा. भिंग घेऊन खिडकीशी गेले. मग म्हणाले, "हे रोमचं आहे. बादशहा तिबेरियस. ही अक्षरं लॅटिन."
एकोणीसशे वर्षं! मिरी-कापडासाठी गलबतं यायची म्हणे. सावित्री नदीतून दासगावपर्यंतही? मी विचारलं. "असेल. सापडलं कुठं ते कळायला हवं. आणि हा लाल रंग कसला?"
अक्षरांच्या खाचांत, बाईच्या पायाशी. नखानं टोकरलं. कुंकू.
दादा म्हणाला, संग्रहालयाला देऊ. खाली नानांचं नाव लागेल. मलाही बरं वाटलं.
पण आमच्या देवघरात हे कधीच नव्हतं.

२२ सप्टें.
आईला विचारलं. "तळीयेहून आले त्या दिवसापासून बॅगेत आहे. बाळंतीण अडली होती तिथं. तू चौथीत असशील."

४ ऑक्टो.
तळीयेला जाऊन आले. बिरवाडीच्या पुढं चालतच. चढणीला सारखं वाटत होतं, नाना पुढं आहेत, वळणावर थांबतील.
विचारत विचारत त्या बाळंतिणीच्या सासूच्या, सोनाबाईच्या दारात. म्हातारी थकलीय, डोळे लख्ख. "डाक्टरांची लेक का गो तू? चाल तीच हाय." नाना गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. सांगितलं, तशी तिनं हाताला धरून मला आत बसवलं.
नाणं पुढं केलं. तिनं कपाळाला लावलं.
"ही आमची देवी. सासऱ्यांला नांगरताना गावली."
सून अडली होती, नाना भर पावसात चढून गेले. सून वाचली, नातूही. "तवा आमचे मालक बोलले, डाक्टर, असं डोंगर चढता, ही तुमच्यासंगं ऱ्हाऊं दे. तुम्हाला पडू नाय देणार."
नाना देव मानत नव्हते. तरी इतकी वर्षं बॅगेत.
मी रोम, बादशहा, गलबतं सगळं सांगितलं. हसली. "लांबून आली म्हण की. म्हणून बसलीय."
परत ठेवून घ्या म्हटलं, तर ऐकेना. दिली ती दिली. निघताना मात्र हळूच, "घटापुढं ठेवू का गो? दसऱ्यापतुर."
ठेवून आले.

१९ ऑक्टो.
दादा आलाय, चिडलाय. "कुणाच्या घरी ठेवून आलीस? प्राध्यापक रोज विचारतात." त्याचंही खोटं नाही. काचेखाली चार लोक बघतील, नानांचं नाव वाचतील. नानांना ते आवडलं असतं? आवडलं असतं बहुतेक. तरी...

२६ ऑक्टो., बिरवाडी
एस.टी.ची वाट बघत लिहितेय. सकाळी तळीयेला गेले. सोनाबाईनं देवीला पदरानं पुसलं, फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. एका शब्दानं अडवलं नाही. नातसून चहा घेऊन आली, तेव्हा लक्षात आलं. दिवस भरत आलेत तिचे. "त्याच नातवाची बायको," सोनाबाई म्हणाली. "आता डाक्टर कुठले?" आणि तिची नजर माझ्या हातातल्या पुरचुंडीवर गेली.
पुरचुंडी मांडीवर आहे. महाडची एक गाडी आली, गेली. मी बाकावरच बसून आहे.