लुंबिनीचा वांदा

मी, चांगुणा नरसिंग सोनकांबळे, राहणार लातूर, डोकं जागेवर असताना, कुणाच्या दबावाला बळी न पडता, माझ्या मागं कुणाला काय मिळावं ते माझ्याच हातानं लिहून ठेवते. शाळा तिसरीपर्यंतच झाली, अक्षर वाकडंतिकडं हाय, वाचणाऱ्यानं धीर धरावा. मन मात्र लई खुशीत हाय, कारण आज सकाळी वांदा फुलला.

वांदा म्हणजे भांडण नव्हं. नर्सरीवाला त्या ऑर्किडला वांडा म्हणाला, आमच्या घरात त्याचा वांदा झाला. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात वांदा नको." म्हटलं, "बाई, मला वांदाच तर ठेवून जायचाय!"

तर, माझ्या मालकांनी बांधलेलं घर अंगणासह मुलगा विनोद यास द्यावं. अट एकच, ती खाली लिहिते.

बँकेतली ठेव सून समीक्षा हिला. विनोदला नको, हातात पैसा आला की तो मोबाईल बदलतो.

तारेच्या टोपल्या, नारळाच्या शेंड्या, कोळसा, विटांचे तुकडे आणि टांगलेली जांभळी ऑर्किडं नात धम्मप्रिया हिला. पोरी, ह्यांना माती लावू नको, ह्यांची मुळं हवेत जगतात. शेजारच्या सिंधूला माझं एकही रोप देऊ नये. माया करायला म्हणून तिनं माझ्या पांढऱ्या ऑर्किडच्या कुंडीत ओलं शेण भरलं, रोप सडून गेलं. वर मलाच म्हणाली, "मावशी, तुमचं झाडच नाजूक!" तिला माफी दिली हाय, रोप न्हाई.

आता अंगणातला कडुलिंब. वांदा त्याच्यावर हाय. रस्त्यासाठी एक जुना आंबा पाडला होता, त्याच्यावरून माझी थोरली लेक लुंबिनी हा वांदा घेऊन आली आणि माझ्या लुगड्याच्या चिंधीनं कडुलिंबाला बांधला. समोरचे शेषेराव म्हणाले, "बांडगूळ हाय पोरी, झाड खाऊन टाकंल." ती म्हणाली, "काका, हा नुसता भाडेकरू हाय, घर खात न्हाई." पहिली कळी धरली आणि पोर काविळीनं गेली. फूल तिनं बघितलंच न्हाई.

पुढं लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आम्ही भांडी पुसून घेत होतो, झाडाला कुठलं पाणी? वांद्याची मुळं कोरडी असली की राखेसारखी पांढरी दिसतात, भिजली की हिरवी. अन् रोज सकाळी मुळं हिरवी! खालची माती मात्र ठणठणीत कोरडी. विनोद म्हणाला, "आई, दव असंल." मे महिन्यात, लातूरला, दव! घरात विचारलं, शेजारी विचारलं, कुणीच घातलं नव्हतं. अजून बी तसंच चालू हाय. आम्ही बौद्ध, भूत-आत्मा मानत न्हाई. मी बी मानत न्हाई. पण पोर येते. तिला माझ्या मानण्याचं काय पडलंय? पहिल्यांदा अंगावर काटा आला. आता चहा घेऊन आधी मुळंच बघते. हिरवी दिसली की दिवस गोड जातो.

विनोदला गाडीच्या शेडसाठी कडुलिंब पाडायचाय. मी गेल्यावर त्याचा हात कोण धरणार? म्हणून अट ही, की पाडायचाच झाला तर आधी वांदा जपून सोडवावा, धम्मप्रियाच्या खिडकीला बांधावा, आणि कुठं बांधला ते लुंबिनीला मोठ्यानं सांगावं. न्हाई तर ती पाणी घेऊन येईल आणि रिकाम्या जागी उभी राहील. ते मला बघवायचं न्हाई, अन् तेव्हा बघायला मी बी नसणार.

हे विनोदला वाचून दाखवलं. वाटलं हसंल. त्यानं कागद हातात घेऊन अट परत वाचली. मग म्हणाला, "आई, तिला सांगायचं कसं?"

"लहानपणी जेवायला हाक मारायचास, तसं."

तो उठून कडुलिंबाखाली गेला. "अक्का," म्हणाला, आणि पुढचं त्याला बोलताच येईना.

एवढी हाक त्याच्या तोंडून निघते, म्हणून घर त्याच्याच नावे कायम करते.

सही : चांगुणा नरसिंग सोनकांबळे

चांगुणाबाईंनी वरचा मजकूर आमच्यासमोर वाचून सही केली, आम्हीही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार : शेषेराव बिरादार, महादेवी स्वामी
ठिकाण : लातूर
दिनांक : ९ जून २०२५