फिक्स बेडवाली गाडी

मदिनत अश शमाल, कतार
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

प्रिय सौ. बबीता,

मी इकडे बरा आहे. खाणंपिणं वेळेवर चालू आहे, थंडी यंदा बऱ्यापैकी पडली आहे. आईच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे, अनुष्काचा खोकला गेला का, हे फोनवर विचारलेलंच आहे, तरी परत विचारतो.

तू म्हणशील, रोज फोन होतो आणि ह्यांना पत्र कुठून सुचलं. फोन लावला की अनुष्का स्पीकरवर टाकते. मग आई बोलते, तुझा दीर महिपती बोलतो, महिपतीची बायको मागून भांडी घासत बोलते, आणि तू शेवटी "जेवला का" म्हणतेस. मेसेज करावा तर तुझा फोन पोरीच्या हातात. म्हणून लिहितोय. इथला मयूर परवा सांगोल्याला येतोय, तो आणून देईल.

इकडची बातमी म्हणजे आमच्या बाबूशेठनी एक जुनी कॅराव्हॅन घेतली. बाबूशेठ म्हणजे वर्कशॉपचे मालक, केरळचे, तुला माहीत आहेत. थंडीत इथली माणसं वाळवंटात नाहीतर समुद्रकाठी मुक्कामाला जातात. तंबूत राहायचं नसेल त्यांना कॅराव्हॅन लागते, म्हणजे जीपच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत चूल, मोरी, पलंग सगळं. शेठनी ठरवलं, एक जुनी घेऊन दुरुस्त करायची आणि भाड्याने द्यायची. लाकूडकाम तपासायला मी आणि ओढून आणायला शिवराज, असे तिघं गेलो. शिवराज आमचा ड्रायव्हर. गडहिंग्लजकडचा पोरगा, माझ्या कितीतरी मागून आलेला.

पहिली गाडी अल वक्राला पाहिली. चकाचक होती. मागच्या बाजूला गोल सोफा, मध्ये टेबल. झोपायचं झालं की टेबल खाली पाडायचं, गाद्या त्यावर सरकवायच्या, झाला पलंग. सकाळी परत सगळं उलटं. भिंती कोरड्या, चाकं नवी. दुसरी अल थुमामाला एका बंगल्याच्या दारात उभी होती. अफशां नावाच्या बाई, कराचीच्या, नवऱ्याची बदली झाली म्हणून विकत होत्या. ती फिक्स बेडवाली. म्हणजे मागे दोन माणसांचा पक्का पलंग, डोक्याशी खिडकी. पुढच्या बाकांवर त्यांची मुलं झोपायची. मी गादी उचलून पाहिली तर खालच्या लाकडी पट्ट्या मोडलेल्या. खिडकीचं रबर उन्हानं तडकलेलं. त्या कोपऱ्यात भिंत दाबली तर मऊ लागली.

बाई पलंगावरून हात फिरवत म्हणाल्या, "इसका बिस्तर समेटना नहीं पड़ता, भाई. सुबह दरवाज़ा बंद किया और घूमने निकल गए."

बबीता, मला तिथं आपलं घर आठवलं. लग्न झाल्यापासून आपण अंथरूण टाकलं ते सगळे झोपल्यावर, आणि गुंडाळलं ते आई उठायच्या आधी. दिवसाउजेडी आपलं अंथरूण घरातल्या कुणी पाहिलं नसेल. असो.

शेठनी विचारलं तेव्हा मी सोफेवाली घ्या म्हणून सांगितलं. भाड्याने नेणारी माणसं चार मित्रांना घेऊन बसायला जातात, त्यांना पलंग काय करायचा? आणि पलंगवालीच्या भिंतीला ओल आहे, असंही स्पष्ट सांगितलं. पण शिवराज मध्ये पडला. म्हणाला, बसायला बाहेर सतरंजी आहे, शेकोटी आहे, आत माणूस येतो तो झोपायलाच. शेठ हसले आणि पलंगवालीच घेतली. सुताराचं ऐकायचं नव्हतं तर सुताराला नेलं कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

कागदपत्रं नावावर होईपर्यंत गाडी भाड्याला देता येत नाही. तोवर ती वर्कशॉपच्या मागच्या आवारात उभी आहे. कुणाची बायको येणार असेल तर महिनाभर राहू दे, असं शेठ म्हणाले होते. म्हणून शिवराजनं त्याच्या बायकोला बोलावलं. भैरवी तिचं नाव. पतसंस्थेत नोकरी करते, पासपोर्ट तिचा तिनंच काढलेला. टुरिस्ट म्हणून आली आहे. ती यायच्या आधी पलंगाच्या पट्ट्या मीच नव्या बसवल्या, कोपरा मीच उघडून नीट केला. काम चोख झालंय, त्यात मी खोट ठेवली नाही.

आता शिवराज मेसमध्ये जेवत नाही. दोनदा आंघोळ करतो. परवा एक पाना मागायला गेलो तर दार उघडं होतं आणि भर दुपारी हा बूट काढून पलंगावर आडवा. फुलाफुलांची चादर घातलेली. ती खाली बसून भाकरी थापत होती, वास आमच्या मशीनपर्यंत येतो. बायको आली म्हणून माणसानं कामातलं लक्ष काढावं का? मला काय करायचंय म्हणा. पण बाकीची पोरं बघतात, त्यांच्यावर परिणाम होतो.

महिपतीनं तुला स्कूटी शिकवली ते स्टेटसवर कळलं. चांगलं केलं. मला आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं. फोटोत तू हसतेस. फोनवर तसं ऐकू येत नाही.

अनुष्काला अभ्यास करायला सांग. आईला नमस्कार. काळजी नसावी.

तुझा,
श्रीपती


मदिनत अश शमाल
शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६

प्रिय बबीता,

मयूरनं पत्र पोचवलं ते कळलं. त्यावर तुझा मेसेज आला, एका ओळीचा. "बाबूशेठनी आधी कुणाला विचारलं होतं?"

मी फोन पालथा ठेवला आणि रंधा घेऊन बसलो. त्यानंतर तू फोनवर परत विचारलं नाहीस. त्यामुळे जास्तच लागलं.

मला विचारलं होतं.

अल वक्राला जाताना गाडीतच. शेठ पुढे बसले होते, मी मागे. मागे वळून म्हणाले, श्रीपती, तू सगळ्यात जुना, गाडी महिनाभर रिकामी राहील, बायकोला बोलाव, मी बाकीचं बघतो. आणि मी म्हणालो, नको शेठ, घरी म्हातारी आई आहे, तिला सोडून बायकोला येता यायचं नाही. तुला न विचारता. विचारायचं मनातसुद्धा आलं नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. मनात आलं होतं. शिवराज गाडी चालवत होता. थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, शेठ, मग मी बोलावू का? इतकं सोपं. त्याला कुणाची आठवण झाली नाही, कुणाची लाज वाटली नाही. शेठ म्हणाले, बोलाव.

म्हणून मी सोफेवाली गाडी घ्या म्हणत होतो. धंद्याचं कारण खरं होतं, पण ते कारण मी नंतर शोधलं. ओल तळहाताएवढी होती, मी ती अख्ख्या भिंतीला लावली. त्याला पलंग मिळू नये, रोज सकाळी त्यानं टेबल उचलावं, गाद्या सरकवाव्यात, एवढंच मला हवं होतं.

पुढचं तुला सांगायला लाज वाटते. मागच्या पत्रानंतरच्या शुक्रवारी मेसमध्ये सगळे जेवत होतो. शिवराज त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी आमच्यात येऊन बसला होता. भैरवीनं सगळ्यांसाठी झुणका पाठवला होता, तो त्यानं आणला. पोरं तिचं कौतुक करायला लागली. मला ते ऐकवेना. मी म्हणालो की त्या गाडीला चारी कोपऱ्यांना जॅक मीच लावलेत, तरी उभ्या जागी हलते कशी ते कळत नाही. पोरं हसली. एकानं अजून भर घातली. शिवराजनं ताट खाली ठेवलं आणि उठून गेला. झुणका तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून गाडीचं दार बंद. आधी भैरवी सकाळी बाहेर दोरीवर कपडे वाळत घालायची, आमच्याकडे बघून हसायची, चहा विचारायची. ते सगळं थांबलं. खिडकीचे पडदे दिवसभर ओढलेले. शिवराज माझ्याशी कामापुरतं हिंदीत बोलायला लागला. मराठी माणूस मराठी माणसाशी हिंदीत बोलतो तेव्हा कसं वाटतं, ते इथं आल्याशिवाय कळायचं नाही. मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. दोघांचं सुख जरा कमी झालं की माझ्या छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. उलट मी दिवसभर त्या बंद दाराकडेच बघायला लागलो.

आठवडाभरानं एका संध्याकाळी काम सुटल्यावर मी गेलो आणि दार वाजवलं. शिवराजनं उघडलं. मी बाहेरूनच सांगितलं की मी घाण बोललो, चुकलो, वहिनींची माफी मागायला आलोय. तो बाजूला झाला. आत भैरवी त्या पलंगाच्या कडेवर बसली होती. वयानं लहान, पण माझ्याकडे सरळ बघत म्हणाली,

"दादा, तुम्ही बोललात त्याचं मला एवढं काही नाही. पतसंस्थेत बसते मी, लोकांचं ऐकते. पण आता हे दार उघडून बाहेर यायचं म्हटलं की मला वाटतं, सगळे माझ्याकडे बघून तेच आठवतायत. महिना मागून घेतला होता मी नोकरीतून. त्यातला आठवडा आत बसून गेला."

एवढंच म्हणालो की शेठनी आधी मला विचारलं होतं. का म्हणालो कुणास ठाऊक. तिला ते माहीत नव्हतं. तिनं शिवराजकडे पाहिलं, त्यानं मान खाली घातली. मग ती मला म्हणाली, "मग तुम्ही नको का म्हणालात?"

आई एकटी असते, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "आईंनी नाही म्हटलं?"

मी निघून आलो. दुसऱ्या दिवशी जेवताना सगळ्या पोरांसमोर शिवराजची माफी मागितली. कुणी हसलं नाही. शिवराज लगेच काही वितळला नाही, पण मीठ मागताना मराठीत मागितलं. आणि आठवड्याच्या शेवटाला दोरीवर परत कपडे दिसले.

गेल्या मंगळवारी तू बाजाराला गेली असताना मी मुद्दाम आईला फोन केला. तिला सगळं सांगितलं नाही, एवढंच की मालकानं बबीताला बोलाव म्हटलं होतं आणि तुझ्यामुळे मी नको म्हणालो. आई म्हणाली,

"मी कधी नाही म्हटलं रे?"

आणि वर म्हणाली, माझं नाव सांगून तिला अडवू नकोस, तिला वाटेल म्हातारीच आडवी आली. महिपती आहे, त्याची बायको आहे, मी काय पाळण्यात आहे?

म्हणजे आईचं कारण गेलं. आता जे उरलं ते लिहितो, कारण ते फोनवर माझ्या तोंडातून कधी निघायचं नाही.

मला भीती वाटली की मी विचारीन आणि तू नको म्हणशील. तू बचत गटाची अध्यक्ष झालीस, हे मला महिपतीनं सांगितलं. स्कूटी स्टेटसवर दिसली. घराला रंग कुठला द्यायचा ते तुम्ही ठरवलंत आणि रंग दिल्यावर मला फोटो पाठवला, छान आहे म्हणालो. तुमचं माझ्यावाचून चाललंय आणि चांगलं चाललंय. कुठल्याही माणसाला आनंद व्हावा. मला होत नाही, बबीता. शिवराजवर मी जळलो ते सगळ्यांना दिसलं. तुझ्यावर जळतो, हे कुणाला सांगू? तू हसलीस की मला वाटतं, मी तिथं नसताना हसलीस. आणि तू इथं आलीस, मी चौघांच्या खोलीत दुमजली खाटेच्या वरच्या बाकड्यावर झोपतो, कपडे बादलीत धुतो, मालकाच्या मागे होय शेठ, होय शेठ करत फिरतो, ते सगळं पाहिलंस, तर तुझ्या मनात मी जेवढा उरलोय तेवढाही उरणार नाही, असंही वाटलं. म्हणून आईला पुढे केलं. तिच्या मागे लपायला बरं पडतं.

उद्या भैरवी परत चालली आहे. हे पत्र तीच नेते आहे, गडहिंग्लजहून पोस्टात टाकेल. काय लिहिलंय ते तिनं विचारलं नाही. पाकीट पर्समध्ये ठेवताना फक्त म्हणाली, वहिनींना माझा नमस्कार लिहिला का? लिहिला नव्हता, आता लिहितो. तिचा नमस्कार.

गाडी पुढच्या आठवड्यापासून भाड्याला जाईल. मुक्कामाचा हंगाम एप्रिलमध्ये संपतो, मग ती परत मागच्या आवारात येऊन उभी राहील. मी काल शेठना विचारलं. मान खाली घालून विचारलं, पण विचारलं. ते म्हणाले, इन्शाल्ला, तेव्हा ऊन वाढलेलं असेल, एसी चालू ठेवा. अनुष्काची परीक्षा तोवर झालेली असेल. तिला आणायचं की आजीजवळ ठेवायचं, तेही तूच ठरव. पासपोर्टसाठी सोलापूरला जावं लागेल. कसं जायचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

इथं दाखवण्यासारखं फार काही नाही. समुद्र आहे, संध्याकाळी मासेमारीच्या होड्या परत येतात, दुकानांची एक ओळ आहे. मी सुट्टीच्या दिवशी कुठं बसतो ती जागा दाखवीन. खोली दाखवीन, बाकडंही दाखवीन, काही झाकणार नाही.

यावंसं वाटलं तर ये. नको वाटलं तर नको म्हण. कारण द्यायची गरज नाही, आईचं नको, पोरीचं नको, बचत गटाचंही नको. नुसतं नको म्हटलंस तरी मी ऐकून घेईन. वाईट वाटेल, ते माझं मी बघीन. पण आता तुझ्या वतीनं मी कुणाला उत्तर देणार नाही.

बबीता, येशील का?

तुला पहिल्यांदाच विचारणारा,
श्रीपती