खिळा आधीच ठोकलाय

३ नोव्हेंबर, रविवार
तळ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या ग्रुपात आज नाव घातलं. शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण चालवते. दर रविवारी तिच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर फोटो दाखवतात. कुणाचा ते सांगत नाहीत. प्रत्येकाने एक चांगलं सांगायचं, एक चूक काढायची. ज्याचा फोटो त्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा नियम कुण्या मुक्याने केलेला दिसतो. डिसेंबरात प्रदर्शन. त्यात माझा फोटो लागणारच. धाकट्या जावेला सांगूनही टाकलं. ती म्हणाली, बघू या ताई. ते ‘बघू या’ मी ध्यानात ठेवलंय.

४ नोव्हेंबर
माझ्या इस्त्रीच्या दुकानात समोरच्या भिंतीला खिळा ठोकला. प्रदर्शन झालं की फोटो इथे. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. नवऱ्याने विचारलं, फोटो कुठाय? म्हटलं, आधी खिळा.

१० नोव्हेंबर, रविवार
माझा बगळा दाखवला. दातांचा डॉक्टर म्हणाला, पांढरं छान आलंय, पण बगळा कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं? वर तळं तिरकं आहे म्हणे, पाणी सांडेल. सगळे फिदीफिदी. सांडलं तर पुसेन मी, म्हटलं. मास्तरणीने ओठांवर बोट ठेवलं. जन्मभर लोकांच्या दाढांत डोकावणाऱ्याने आभाळाच्या गप्पा मारू नयेत.
सूचना अशी की खाली बसा, वाट बघा. अख्खा संसार मी उभ्याने केला. बसणाऱ्यांशी माझं पटत नाही.
आणि जाऊसुद्धा ग्रुपात आलीय. म्हणे, तुमचं बघून आवड लागली. माकडीण.

१३ नोव्हेंबर, सकाळ
टिबुकली. मुठीएवढा पक्षी. बटण दाबलं की बुडी मारते. मेली माझ्या बोटावरच डोळा ठेवून असते. कॅमेऱ्यात नुसती पाण्याची वर्तुळं.
जाऊ लव्हाळ्यात फतकल मारून बसलेली. किती वेळ बसली, एक फोटो काढेल तर शपथ. घरी कामं नाहीत वाटतं.

१७ नोव्हेंबर, रविवार
वर्तुळं दाखवली. डॉक्टर म्हणाला, गोल फार सुबक आहेत, पण पक्षी? नियम गेला खड्ड्यात. म्हटलं, आत आहे.
मास्तरणीचं म्हणणं, तुमच्या लाल शालीने पक्षी बुजतात, मातकट रंग घाला. बरं. चार लोकांचं ऐकून घेणारी बाई आहे मी. नवऱ्याचा जुना खाकी कोट काढला, कानटोपीसकट. आरशात बघायला वेळ कुणाला?

२० नोव्हेंबर, सकाळ
कोट घातला. समोर बगळ्यांचा सगळा थवा, आणि सगळे ढिम्म. एकाने मान वळवली असेल तर! मग आजवर कुणाला सुचलं नव्हतं ते मला सुचलं. बसलेला पक्षी कोण बघतो? उडवायचा. घेतला दगड, भिरकावला. काय उडाले! पण हातात दुसरा दगड, कॅमेरा गळ्यात. तो डोळ्याला लावेपर्यंत आभाळ रिकामं.
पद्धत बरोबर आहे. हात कमी पडले.
जाऊ आज दिसली नाही. सुटला नाद, बरं झालं.

२४ नोव्हेंबर, रविवार
आज भिंतीवर एक फोटो आला. चादर झटकावी तसा थवा उठलेला, पंख न् पंख वेगळा. खाली काठावर एक दांडगा बाप्या, आपल्याकडे पाठ, दगड मारायला हात उगारलेला.
मी सगळ्यांच्या आधी बोलले. चांगलं काय, तर पक्षी. चूक काय, तर तो राक्षस. मुक्या जिवांना दगड मारतो, हात झडो मेल्याचा.
डॉक्टर खोकला. मास्तरीण चष्मा पुसत बसली. शेवटी जाऊ उठली. फोटो तिचा! हळूच म्हणाली, ताई, तो भाग कापू का? कापलेलं कुणाला कळणार नाही.
मी म्हटलं, खबरदार! पाप झाकता होय? चांगला मोठा करून दारासमोर लावा. गावाला कळू दे कोण आहे ते.
मास्तरणीने पुन्हा विचारलं, नक्की ना? नक्की.
माझी सूचना पहिल्यांदाच एकमताने पास झाली. जावेचं तोंड एवढंसं. माझा एकही फोटो निवडला नाही, पण या ग्रुपात आता माझ्या शब्दाला वजन आलंय.

८ डिसेंबर, रविवार
प्रदर्शन. दारासमोर तोच फोटो, दुहेरी चादरीएवढा. नवऱ्याला मुद्दाम नेलं, म्हटलं बघ, हा मी लावायला लावला. एरवी मीठ कमी पडलं तरी बोलत नाही तो माणूस. भर गर्दीत ओरडला, अगं, हा माझा कोट!
लोक फोटोकडे बघतात, मग माझ्याकडे. स्वतःची पाठ कुणी पाहिलेली असते? जाऊ म्हणाली, मी विचारलं होतं ताई.
विचारलं होतं.

९ डिसेंबर
कोट धुतला, कडक इस्त्री केली, खिळ्याला टांगला. खिळा वाया गेला नाही.
दिवसभर दुकानात गर्दी. सगळे कोट बघून गेले. इस्त्रीला कपडा एकानेही आणला नव्हता.