हॉल उभाच राहिला

११ जानेवारी
आज पुन्हा बाकावर! मॅचमध्ये एक मिनिटसुद्धा खेळवलं नाही. मागच्या वर्षापर्यंत हेनिंग माझ्या शेजारी बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळायचा — कप्तान होता. गुडघा गेला, क्लबनं त्यालाच कोच केलं. आता माझ्याकडे बघतपण नाही. काहीतरी शिजतंय.

१२ जानेवारी
झोपेतनं उठलो तरी तीच डिसेंबरातली मॅच डोक्यात. आमच्या हॉलमध्ये आपला पहिला बास्केट पडेपर्यंत प्रेक्षकांतलं कुणी बसत नाही, उभ्यानं टाळ्या. हेनिंग खेळायचा तेव्हा लोक नीट उभे राहायच्या आत खाली बसायचे. पहिला शॉट त्याचाच, आणि आतच. त्या दिवशी तो शॉट त्यानं मला दिला. "जा जानेस, बसव सगळ्यांना."
चार मारले. चारही बाहेर! बाकीच्यांचेही गेले, पण लक्षात माझेच राहिले. हॉल उभाच. मागून एक आजी ओरडली, "अरे पोरा, दोन्ही गुडघे बदललेत माझे! बसव की आता!" सगळे हसले. हेनिंगनं मला बाहेर काढलं. तेव्हापासून आत नाही.
मुद्दाम तर दिला नव्हता ना तो शॉट? चारचौघांत माझं हसं व्हावं म्हणून?

१९ जानेवारी
टीममधला लासे म्हणतो, "तू म्हणजे आमचं सगळ्यात उंच फर्निचर." हसलो. काय करणार.
जूनमध्ये करार संपतो. नववीत शाळा सोडली ती ह्याच्यासाठी. हे गेलं की परत किनाऱ्यावर, बाबांच्या शेडमध्ये मासे धुरी देऊन सुकवत बसायचं. बाबा वाटच बघतायत.

२२ जानेवारी, रविवार
बघितलं! डोळ्यांनी बघितलं!
घरून परत येताना हायवेवर कॉफीला थांबलो. कोपऱ्यात हेनिंग — आणि समोर माझ्या गावाकडच्या, किनाऱ्यावरच्या क्लबचं जाकीट घातलेला म्हातारा. आमच्याविरुद्ध खेळतात ते! हेनिंगनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर आमची मॅच! मी चॉकलेटच्या मांडणीमागे लपलो. दोन मीटर चार सेंटिमीटरचा माणूस किती लपणार! पण त्यानं नाही बघितलं.
म्हणजे हा निघाला. आणि जाताना आमचे डाव त्यांना देऊन चाललाय.

२४ जानेवारी
सहज विचारल्यासारखं विचारलं, "रविवारी कुठं होतास?"
"घरी. लेकीबरोबर."
खोटारडा!! फळा पुसत बोलला. वळलापण नाही.

२६ जानेवारी
मॅनेजर डॉर्फ्लरबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. "नक्की? जाकीट त्यांचंच होतं?" दोनदा विचारलं त्यांनी. म्हटलं, "त्या जाकिटांतच वाढलोय मी." बाई उठल्या, दार लावून घेतलं. म्हणाल्या, "बरं केलंस."
बरंच केलं. कुणीतरी करायलाच हवं होतं.

३० जानेवारी
हेनिंगला काढलं. नऊ वर्षं खेळला, सात महिने कोच. लासे सांगत होता — बाईंनी विचारलं, कशासाठी भेटलास त्यांना? तर गप्प! शेवटपर्यंत गप्प. चोराला काय बोलता येणार?
निघताना कपडे बदलायच्या खोलीत आला. एकेकाचा हात हातात घेतला. माझ्यापाशी थांबला. "कोपर आत ठेव शॉट मारताना. बाहेर जातं तुझं." एवढंच.
माहीत असेल का त्याला? असेल तर बोलला का नाही?

२ फेब्रुवारी
नवा कोच आला. मी बाकावरच.

६ फेब्रुवारी
किनाऱ्याकडच्या क्लबातून फोन. तोच म्हातारा. "हेनिंग तीनदा भेटला रे मला, तुझ्यासाठी. तिथले वरचे लोक तुला खेळवू देत नाहीत म्हणाला. तुझ्या मॅच दाखवायचा. मी म्हटलं, तूच ये कोच म्हणून. तर म्हणे, मला नको, पोराला घ्या. आणि ठरेपर्यंत कुणाच्या कानावर घालू नका, क्लब मोडता घालेल; पोराच्या तर नकोच, उगाच आस लागेल. जुलैपासून येतोस?"
हो म्हणालो.
मग त्यानं विचारलं, "त्याची चुगली कुणी केली, कळलं का?"
म्हणालो — नाही.