मास्तरांच्या उजव्या हाताचे एकवीस गुण

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी. काम म्हणजे मास्तर. स्वतःचं टेलरिंगचं दुकान, वय बेचाळीस. पाच महिन्यांपूर्वी शिडीवरून पडले, मानेतला मज्जारज्जू दुखावला. आता व्हीलचेअरवर, आमच्या हॉस्पिटलात दाखल. खांदे, कोपर, मनगट चालतं, बोटं नाहीत.
हातांची चाचणी माझ्याकडे. सहा कामं, घड्याळ लावून: बाटलीतून ग्लासात पाणी ओतणे, बरणीचं झाकण उघडणे, खुंट्या या फळीतून त्या फळीत लावणे, किल्ली फिरवणे, नाणी फटीत टाकणे, बोल्टवर नट चढवणे. प्रत्येकी पाच गुण, एकूण तीस. आज उजवा हात: नऊ.
मास्तर मला डॉक्टर म्हणतात. मी थेरपिस्ट आहे. पण माणूस प्रेमाने म्हणतोय, कशाला मोडता घाला.
संकल्प: सहा आठवड्यांत वीस.

४ सप्टेंबर, बुधवार
सर्जन भेटले. मनगटाजवळचा एक चालू स्नायू सोडवून अंगठ्याला जोडायचा म्हणतात. चिमटीत वस्तू धरता येईल. पण बोटं आपणहून सुधारत असतील तर थांबायचं. निर्णय माझ्या आकड्यांवर. १४ ऑक्टोबरची तारीख मास्तरांसाठी धरून ठेवलीय.
मी म्हणालो, सर, गरजच पडणार नाही. ते म्हणाले, तसं झालं तर उत्तमच, फक्त आकडे नीट दे.
नीटच देतो. माझ्याइतके नीट इथे देतं कोण?

१६ सप्टेंबर, सोमवार
चौदा! बाटली जरा लांब होती, ती मी जवळ सरकवली. बाटली लांब ठेवणं ही माझी चूक. त्याची शिक्षा मास्तरांना का? खुंट्यांच्या वेळी त्यांना खोकला आला. खोकल्याचे सेकंद वजा केले. न्याय म्हणजे न्याय.

२० सप्टेंबर, शुक्रवार
आज स्पर्श. मास्तरांनी डोळे मिटायचे, मी नायलॉनचा बारीक तंतू बोटाच्या टोकाला टेकवायचा. मी विचारतो, आता? ते म्हणतात, हो. दहापैकी नऊ वेळा हो! माझ्या अंगावर काटा आला.
मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, दारातून बघत होत्या. म्हणाल्या, मध्ये मध्ये न टेकवताही विचारतोस ना? मी हो म्हणालो. पुढच्या वेळेपासून विचारणारच आहे, त्यामुळे हे खोटं धरता येणार नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार
मास्तर दोन दिवस घरी जाऊन आले. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, मला जिन्यात गाठून म्हणाल्या, घरी काहीच जमत नाही हो. ग्लास तीनदा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर हे जेवलेच नाहीत.
मी समजावलं. घरचा ग्लास गुळगुळीत, टेबल उंच, शिवाय घरी माणूस लाडावतो. वहिनी पिशवीचे बंद पिळत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, इथे तुम्ही जवळ असता ना, म्हणून विचारलं.
मला बरं वाटलं. जिना चढल्यावर तितकंसं वाटलं नाही.

३० सप्टेंबर, सोमवार
एकवीस!! नटाचा पहिला आटा मी बसवून दिला. सुरुवात करून देणं याला मदत म्हणत नाहीत.
आकडा सर्जनना पाठवला. तासाभरात उत्तर: छान, मग थांबू. १४ तारीख दुसऱ्या पेशंटला दिली. मास्तरांनी दुकानात फोन लावायला लावला. कारागिराला म्हणाले, माझी जागा मोकळी ठेव, मी येतोय. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर नुसती भिंत आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार
वहिनी परस्पर मॅडमकडे गेल्या. उद्या मॅडम स्वतः चाचणी घेणार. मला राग आलेला नाही. फक्त चार कॉफ्या झाल्या.
बरंच आहे. माझ्या आकड्यांवर शिक्कामोर्तब होईल.

९ ऑक्टोबर, बुधवार
सकाळी ११. मी भिंतीपाशी, वहिनी दाराशी. मॅडम काहीच बोलत नाहीत. मास्तरांनी डोळे मिटले. मॅडमनी तंतू टेकवला. मास्तर गप्प. पुन्हा टेकवला. अंगठा, तर्जनी, करंगळी. सहा वेळा. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. मास्तरांनी मान हळूच माझ्या दिशेला वळवली आणि म्हणाले, डॉक्टर, सुरू झालं की सांगा.
तेव्हा कळलं, मास्तर माझ्या आवाजाला हो म्हणत होते.
मग पाणी. बाटली नेमक्या खुणेवर. उजव्या तळव्यात अडकवून उचलली, तिरकी झाली, सटकली. सगळं पाणी मांडीवर. माझे हात आपोआप पुढे गेले. मॅडम म्हणाल्या, हात मागे. मास्तर सॉरी म्हणाले. मॅडमना नाही, मला.
नट, किल्ली, नाणी. कोणी खोकलं नाही, कोणी काही सरकवलं नाही.
नऊ.

दुपारी ३. बाटली ओली होती का? नव्हती. बघून आलो.

१० ऑक्टोबर, गुरुवार
सर्जनना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता थेट फेब्रुवारीची तारीख. म्हणजे आणखी चार महिने मास्तर साध्या चमच्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणार.
चाचण्या माझ्याकडून काढून घेतल्या. पण मास्तरांना हे तूच सांगायचं, असं मॅडम म्हणाल्या. दारापाशी ठरवलं होतं, आधी बोटांच्या थकव्याबद्दल बोलायचं, मग हवामानाबद्दल. आत गेल्यावर दोन्हीपैकी काही सुचलं नाही. म्हणालो, मास्तर, पहिल्या दिवशी नऊ होते, आजही नऊच आहेत. ऑपरेशनची तारीख माझ्यामुळे गेली.
मास्तर हातांकडे बघत राहिले. मग विचारलं, मग ते एकवीस कोणाचे होते?
मी म्हणालो, नऊ तुमचे. बारा माझे.
मागे उभ्या असलेल्या वहिनींनी खुर्चीचा ब्रेक काढला आणि खुर्ची दाराकडे वळवली.