सरपंचाला खच्ची करू नकोस

वाकोला, सांताक्रूझ पूर्व
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

प्रिय लवू,

पत्र बघून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल, ती मला इथे बसून दिसतेय. फाडू नकोस. पत्र आणणारा आपल्या वाडीतला दादू शनिवारी सकाळी उतरला की स्वतःच्या घरी न जाता आधी तुझ्या अंगणात येईल, तशी शपथच घातलीय त्याला. पत्रासोबत एक कापडी पिशवी आहे, दोन गाठी मारलेली. ती आत्ता उघडू नकोस. आधी हे वाचून संपव.

आम्ही ठीक. ह्यांचा गुडघा जिथल्या तिथे. आमचा नितेश पुण्याला रमलाय, रविवारी फोन करतो आणि दोन मिनिटांत ठेवतो. माझं रोजचं तेच, वाकोला ते बोरिवली, स्टेशनवरून शेअर रिक्षा, मग आमच्या शेळी केंद्राचं फाटक. अठ्ठावीस वर्षं झाली. आताशा फाटकातून आत शिरतानाच थकायला होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, ती कशी निघणार देव जाणे.

फोन का नाही केला, विचारशील. जूनपासून तू माझा फोन घेत नाहीस. शकु घेते आणि स्पीकरवर टाकून भाकऱ्या थापत बसते, मग जे बोलायचं ते राहतंच. श्रुतिका तेवढी मेसेज करते हो. भांडण बाबांचं आहे, माझं नाही, म्हणते तुझी पोरगी. तिनेच परवा कळवलं की सोमवारी तालुक्याचे डॉक्टर चिमटा घेऊन येणार आणि सरपंचाला खच्ची करणार. "मटणाक वास मारता म्हणतत ना, मगे खच्ची करून इकून टाकतंय," असं तू जेवताना म्हणालास म्हणे, आणि अर्ध्या ताटावरून उठलास.

लवू, ते करू नकोस. निदान माझं सगळं वाचून होईपर्यंत तरी. चिमटा एकदा लागला की लागला, हे शेळ्यांत जन्म गेलेल्या माणसाला मी काय सांगणार.

सरपंच माझ्या डोळ्यांसमोर आहे. काळाभोर बोकड, तोंडावर दोन पांढरे पट्टे, कान हे एवढे लांब. पाठीला हात लावला की मान वळवून असं बघायचा, जसा काही आपण दाखल्यासाठी अर्ज आणलाय. म्हणून तर तू ते नाव ठेवलंस. त्याच्यामुळे आजूबाजूच्या वाड्यांतून लोक शेळ्या घेऊन तुझ्या दारी यायला लागले होते. जूनमध्ये आमच्या केंद्राचं पत्र गेलं, याच्या करडांच्या मटणाला उग्र वास आहे म्हणून पैदाशीच्या यादीतून नाव काढतोय, आणि लोक यायचे थांबले. हेही श्रुतिकाकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, आणि मी कुठल्या तोंडाने विचारणार होते.

तुला वाटत असेल मशीनमध्ये मटण घातलं आणि आकडे बाहेर आले. तसं नसतं रे. प्रत्येक बोकडाची सहा करडं आणून एकाच गोठ्यात वाढवली. सगळ्यांना तोच सुबाभळीचा पाला, तोच मक्याचा भरडा, तीच शेंगदाणा पेंड. उद्या कोणी म्हणायला नको की खाण्याने फरक पडला. नऊ महिन्यांनी प्रत्येकाची चार कापली. सरपंचाची करडं सव्वीस किलोवर गेली होती, बाकीच्यांची बावीस-तेवीसवर अडकलेली. मटणही जास्त उतरलं. तिथपर्यंत तुझा सरपंच पहिला होता. कोणाला सांगायची सोय नव्हती, पण त्या दिवशी मी दोन कप चहा प्याले.

मग चवीचा दिवस. मांडीचे सारखे तुकडे करायचे, नुसतं मीठ लावून कुकरला शिजवायचे, पांढऱ्या बशीत नंबर घालून सात जणांपुढे ठेवायचे. मसाला नाही. एकमेकांशी बोलायचं नाही. मध्ये कोमट पाण्याने चूळ भरायची. रंग, वास, मऊपणा, चव, प्रत्येकाला आठपैकी गुण द्यायचे. सहा जण डॉक्टर आणि शिकणारी मुलं, सातवी मी. शिजवणारीही मीच. लेंड्या झाडायला लागलेली सातवी पास बाई डॉक्टरांच्या रांगेत खुर्चीवर कशी बसली, तर एकदा जुन्या साहेबांसमोर मी भांड्यावर वाकून म्हटलं होतं, हा बोकड ऐन मस्तीत असताना कापलाय. दुसऱ्या कोणाला कळलं नव्हतं, आणि चौकशी केली तर खरं निघालं. तेव्हापासून वासाचं काही अडलं की एकच, मालनताईंना बोलवा. आई अख्ख्या वाडीला सांगत फिरायची, माझ्या मालनचं नाक सरकारने ठेवून घेतलंय म्हणून.

थांबते. हे काहीतरी ओरडतायत ओट्याकडे.

गुरुवार, संध्याकाळ

काल दूध करपलं. मी ओट्यापासून चार पावलांवर बसून तुला लिहीत होते. आतल्या खोलीतून, गुडघा धरत, हे आले आणि त्यांनी गॅस बंद केला. मला कळलं नाही.

मला वास येत नाही, लवू.

चार वर्षं झाली. कोरोनात गेला तो गेलाच. पंधरा दिवसांत येईल म्हणाले होते, मग सहा महिन्यांत म्हणाले, मग मी विचारायचं सोडलं. ह्यांना माहीत आहे, कारण एकदा घरात गॅस सुटला होता आणि मी तिथेच मेथी निवडत बसले होते. ते आजवर कोणाकडे बोलले नाहीत. कामावर मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नोकरी गेली नसती, खुर्ची गेली असती. एवढ्याशा खुर्चीसाठी, असं शकु म्हणेल. हो, एवढ्याशा खुर्चीसाठी. अठ्ठावीस वर्षांत माझं म्हणून तेवढं एकच होतं.

मग निभवायला शिकले. तुकडा मऊ आहे की चिवट, मीठ कमी की जास्त, हे तोंडात कळतं. वासाच्या रकान्यात पाच लिहायचं. पाच लिहिणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

एप्रिलात चारशे सतरा नंबरची बशी आली. नंबर चाचणी घेणाऱ्या आमच्या डॉक्टर मनाली मॅडम घालतात, कुठलं मटण कोणाचं ते कोणाला कळू नये म्हणून. पण मांड्या सोडवते मी. चारशे सतरा म्हणजे सरपंचाचं, हे मी बघताक्षणी ओळखलं. मी पाच लिहिलं. बाकीच्या सहांत तिघांनी सात-सात दिले आणि तिघांनी लिहिलं, उग्र वास आहे. मॅडम गोंधळल्या. भांडं माझ्यासमोर आणलं, म्हणाल्या, ताई, तुम्हीच सांगा.

मी वाकले. सवयीने डोळेही मिटले. तोंडावर वाफ लागली, बाकी काही नाही. आणि लवू, माझ्या मनात काय आलं सांगू? स्वच्छ आहे म्हटलं तर उद्या कोणीतरी शोधून काढेल की बोकड हिच्या भावाचा, आणि मग माझ्या सगळ्याच गुणांकडे बघतील. म्हणून म्हटलं, आहे, थोडा उग्र आहे. मॅडमनी लिहून घेतलं.

जूनमध्ये तू फोन केलास. ओरडला असतास तर बरं झालं असतं. हळूच विचारलंस, "बाय, खरा सांग, तुका वास इलो?" आणि मी म्हटलं, "इलो म्हणान तर सांगलंय." तू फोन ठेवलास. त्यानंतर मी चार महिने कामावर जातेय, येतेय, कपडे धुतेय. झोप अशी लागत नाही.

मी हेही गिळलं असतं, खोटं कशाला बोलू. पण मागच्या आठवड्यात पेंडीचं नवं पोतं उघडलं. पावसात कोपऱ्यात राहिलेलं. गाभण शेळ्या ती पेंड खाईनात, तर मीच शहाणी, गुळाचं पाणी शिंपडून त्यांच्या गळी उतरवली. संध्याकाळी गव्हाणीतलं उरलेलं मी मागच्या कुंपणापलीकडे टाकते. तिथून जंगल सुरू होतं, चितळं येतात. टाकू नये असा नियम आहे, पण मी टाकते, आणि पाटी वाजली की ती येतात. त्या दिवशीही आली. सात-आठ होती. नाक खाली नेलं आणि मागे फिरली. एकानेही तोंड लावलं नाही. मला वाटलं बिबट्या असेल जवळपास. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दोन शेळ्या गाभडल्या. मॅडमनी पोतं उघडून नुसतं तोंड जवळ नेलं आणि हात नाकाला लावला. "ताई, बुरशी आहे ही. एवढा कुबट वास, तुम्हाला कसा नाही आला?" मी म्हटलं, सर्दी झालीय.

मेलेली करडं मीच पुरली. एकाचे कान लांब होते.

सोमवारी मॅडम मुलांना घेऊन मटण शिजवायला उभ्या राहिल्या. कुकरचं झाकण उचललं आणि म्हणाल्या, "ताई, हे रबर फेका. बोकडाचा वास धरून बसलंय." मी ते हातात घेऊन तशीच उभी राहिले. मार्चमध्ये त्याच कुकरात मुलांनी सात वर्षांचा म्हातारा बोकड शिजवला होता. पूर्वी मी झाकण लावण्याआधी प्रत्येक रबर हुंगून बघायचे, वास धरलेलं असलं की कचऱ्यात. एप्रिलात नुसतं धुऊन लावलं. आणि चारशे सतराचे तुकडे एका कुकरात मावले नव्हते. दोन कुकर लावले होते. तीन बशा एकातल्या, तीन दुसऱ्यातल्या. तिघांना सात, तिघांना उग्र.

सरपंचाच्या रक्तात काही नव्हतं रे. वास रबराचा होता.

आज दुपारी मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. कोरोनापासूनचं, तू माझा भाऊ आहेस ते, पेंडीचं, रबराचं. त्या ओरडल्या नाहीत. किती वर्षं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, चार. चार वर्षांचे कागद त्यांनाच परत काढायचे आहेत. मग म्हणाल्या, सरपंचाची दोन करडं अजून गोठ्यात आहेत, पुढच्या महिन्यात चाचणी नव्याने घेऊ, नवे कुकर, नवी माणसं. यादीतून नाव काढल्याचं पत्र तोवर स्थगित, तसं तुला लेखी येईल. "तुम्ही बसणार नाही, ताई," म्हणाल्या. मी म्हटलं, बरोबर आहे. पेंडसुद्धा आता किरण हुंगून देणार, मग मी घालणार. तो कालपरवा लागलेला माणूस. मला लेखी जाबही द्यावा लागेल. लागू दे.

चाचणीत सरपंच पास होईलच, असं मी लिहून देत नाही. माझ्या लिहून देण्याला आता अर्थही नाही. पण तो नापास झाला तर त्याच्या स्वतःच्या मटणाने होऊ दे. डॉक्टरांना सोमवारी चहा पाज आणि परत पाठव. वाडीत लोकांनी विचारलं तर माझं नाव घेऊन सांग, लपवू नकोस.

आता ती पिशवी.

त्यात आईचं हिरवं लुगडं आहे. तिच्या बाराव्याला तू माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, "धुव नको बाय, आयेचो वास आसा." मी तोंडाला लावलं आणि म्हटलं, हो रे, आहे. तू लहान पोरासारखा रडलास. मीही रडले, पण मला काही आलं नव्हतं. तुझ्याशी बोललेलं पहिलं खोटं ते. सरपंचाचं दुसरं.

अडीच वर्षं ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलंय. दर महिन्याला काढते, तोंडाला लावते, परत बांधते. माझ्याकडे ते वाया जातंय, लवू. तू ठेव. गाठी सोड आणि बघ. चुलीच्या धुराचा वास असेल, नाहीतर तिच्या त्या डोक्याच्या तेलाचा. असला तर मला फोन करून सांग, कसा आहे ते. नसला तर नाही म्हणून सांग. माझं मन राखायला आहे म्हणू नकोस. तसलं मी आपल्या दोघांच्या वाटणीचं करून बसलेय.

रविवारी दिवसभर घरी आहे. फोन हातात घेऊन बसेन.

तुझी बाय,
मालन